धानात चालणारा मंगळ

गोंदियाला उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी होती आणि मामांच्या ओळखीतल्या एका गृहस्थाने दिलेली चिठ्ठी होती. कोकणातल्या खाडीकाठच्या आमच्या गावापासून इथवर येताना मी इतक्या गाड्या बदलल्या की शेवटी शेवटी स्टेशनच्या पाट्या वाचायचंच सोडून दिलं होतं. वाचायला यायचं, तेवढं शिक्षण झालं होतं. मराठी पाचवीच्या परीक्षेला बसायचं तेवढं राहिलं. वडील अंथरुणाला खिळले आणि पाटीदप्तर जे फळीवर गेलं ते पुन्हा खाली आलं नाही.

चिठ्ठी एका भातगिरणीच्या शेठजींच्या नावे होती. गिरणी स्टेशनच्या पलीकडे, मालधक्क्याला लागून. शेठजी गादीवर बसले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "घड़ी देखना आता है?"

"येतं," मी म्हणालो.

"झूठ तो नहीं लिखोगे?"

"नाही."

एवढीच माझी परीक्षा झाली. ही परीक्षा मात्र मी पास झालो. काम असं होतं की नवा बॉयलर बसला होता, तो पेटला की त्याच्याजवळ बसायचं, वाफेचा काटा बघायचा आणि दर पाव तासाला वहीत लिहायचं. आधीच्या मोसमात कुणी काट्याकडे बघितलं नव्हतं आणि ऐन दिवाळीत जुन्या बॉयलरचा पाइप फुटला होता. माणूस कुणी दुखावला नाही, पण शेठजींची पगडी छपरावर जाऊन बसली, ती काढायला शिडी लावावी लागली. त्याची भीती शेठजींच्या मनात बसली होती.

"फायर चालू, तो तुम चालू," शेठजी म्हणाले. "फायर बंद, तो तुम भी घर."

मी मान हलवली. बॉयलर उद्या-परवा पेटेल असं मी धरून चाललो होतो. आईला पत्रही टाकून दिलं, की मिलमध्ये लागलो. ते पत्र आईने निम्म्या गावाला वाचून दाखवलं असणार, हे मला पेटीत टाकताना कळत होतं. तरी टाकलं.

बॉयलर काही पेटेना. नवीन, काळाभोर, शेंदूर लावलेला, गळ्यात झेंडूची सुकलेली माळ, तसाच उभा. शेजारच्या गिरण्यांच्या धुराड्यांतून धूर निघायचा, आमचं धुराडं मात्र कोरडं. धानाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, फाटकाशी यायच्या, गाडीवान आमच्या धुराड्याकडे बघायचे आणि पुढे जायचे. थोडे थांबत. त्यांचं नवं ओलसर धान आम्ही पटांगणावर पसरून वाळवत ठेवत होतो. पण धान उकडायला वाफ लागते, आणि वाफ नाही तर उसना, म्हणजे उकडा, तांदूळ नाही. मग गिरणी कशाची?

कारण मला चौथ्या दिवशी कळलं. सांगितलं ते रेजांच्या मुकादमिणीनं. पटांगणावर धान पायांनी उलटवणाऱ्या चाळीस बायका होत्या. त्यांना रेजा म्हणत आणि त्या सगळ्यांवर ही बाई. पन्नाशीची, काटक, बोलायला तिखट.

"तुले मालूम नाही, बाबू?" ती म्हणाली. "मंगळ वाकडा होऊन राहिला ना. शेटजी आग नाही लावत."

शेठजींकडे त्यांच्या मूळ गावाहून दरवर्षी एक पंचांग यायचं, लाल फडक्यात बांधून. त्यात लिहिलं होतं की मंगळ वक्री आहे, म्हणजे आकाशात उलटा चालतो आहे. मंगळ हा अग्नीचा ग्रह. तो उलटा चालला म्हणजे रागावला. एकदा बॉयलर फुटल्यावर त्या रागाला तोंड द्यायची शेठजींची तयारी नव्हती. तेव्हा मंगळ पुन्हा सरळ वाटेला लागल्याशिवाय नवा बॉयलर पेटवायचा नाही, असा शेठजींचा पण. पंचांगाप्रमाणे अजून अठरा दिवस बाकी होते.

"अठरा दिवसांत सगळं धान दुसऱ्यायच्या गिरणीत जाऊन बसते," मुकादमीण म्हणाली. "मंग शेटजी म्हनते, औंदा गिरणीच नाही उघडत. आमी जाऊ मंग वापस गावाले. तू?"

आईला टाकलेलं पत्र एव्हाना गावात पोचलं असणार. 

मी राहत होतो गिरणीच्या फाटकासमोर, एका निवृत्त गुरुजींच्या पडवीत. एकटे होते. तीस वर्षं मराठी शाळेत शिकवून घरी बसले होते, पण शिकवायची खोड काही गेली नव्हती. मी कोकणातला, म्हणून भाताशिवाय जेवण होत नसेल असं समजून पहिल्याच दिवशी त्यांनी मला एवढा भात वाढला की मला रडू आलं. आज आठवलं तरी वाटतं, त्या भाताचं ऋण फिटायचं नाही. मी त्यांची भाजी चिरायचो, ते मला भूमितीतलं काहीतरी विचारायचे. त्यांना ग्रहांचा नाद होता. संध्याकाळी दिवे लागले की अंगणात बाज टाकायची, एका फळीला ठोकलेल्या दोन खिळ्यांमधून आकाशात बघायचं आणि कागदावर एक ठिपका काढायचा. असे त्यांचे कित्येक महिन्यांचे ठिपके होते.

मी त्यांना शेठजींच्या मंगळाचं सांगितलं तेव्हा ते मोठ्याने हसले.

"अठरा दिवस? अबे, मंगळ वळून चार दिवस झाले!"

त्यांनी ठिपक्यांचा कागद पुढे केला. दिवाळीच्या आधीपासून मंगळ कृत्तिकेकडून अश्विनीकडे मागे मागे सरकत होता. मग ठिपके एकमेकांना चिकटायला लागले, एकाच जागी दाटीवाटीने बसले, आणि सगळ्यात शेवटचा जरासा, अगदी जरासा, पुन्हा कृत्तिकेच्या बाजूला झुकला होता. मला तर तो हात थरथरल्यामुळे झुकलेला वाटला. पण मी तसं म्हटलं नाही.

"मग तो मागे कशाला जातो?" मी विचारलं. "रागावतो?"

"रागावते कायचा." गुरुजी उठले, स्वयंपाकघरातून परात आणली, वाटी आणली, एक सुपारी आणली आणि एक हरभरा.

सुपारी परातीच्या मधोमध ठेवली. "ही आपली पृथ्वी. आपण इथं बसून पाहून राहिलो." वाटी परातीच्या काठावर ठेवली. "ही वाटी परातीच्या काठाकाठानं फिरते." मग हरभरा वाटीच्या काठावर. "आणि हा मंगळ वाटीच्या काठानं फिरते. वाटी मोठ्या वर्तुळावर, मंगळ लहान वर्तुळावर. दोघंही आपापल्या वाटेनं पुढंच जाऊन राहिले. मागं कोणी येत नाही. पण हरभरा वाटीच्या आतल्या बाजूला, सुपारीच्या जवळ आला की पाय पुढं टाकूनही सुपारीवरून तो मागं जाताना दिसते."

त्यांनी हळूहळू फिरवून दाखवलं. मी सुपारीच्या जागी डोळा लावायला परातीत जवळजवळ डोकंच घातलं. खरंच हरभरा एका जागी येऊन थबकला, मागे आला आणि पुन्हा पुढे गेला.

"पण गुरुजी, सूर्य मध्ये आणि पृथ्वी फिरते, असं शाळेत..."

"तेही खरं. तीस वर्षं मीच शिकवलं ते." त्यांनी सुपारी उचलून तोंडात टाकली. "पण आपण सूर्यावर नाही राहत ना? पृथ्वीवरून कसं दिसेल ते काढाले जुन्या लोकायनं वर्तुळावर वर्तुळ बसवलं, अन् उत्तर बरोबर काढलं. जा, शेठजीले दाखव."

दुसऱ्या दिवशी मी परात, वाटी, हरभरा आणि नवी सुपारी घेऊन गादीपुढे उभा राहिलो. मंगळ माझ्या हातून दोनदा वाटीतच पडला. शेठजींनी ते सगळं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"थाली-कटोरी का खेल बच्चों को दिखाओ," ते म्हणाले. "मंगल थाली में नहीं घूमता. कुछ बड़ा हो तो मानें."

मी परात काखेत घेऊन परतलो तर दाराशी मुकादमीण उभी. सगळं ऐकत होती.

"बडा पाहिजे म्हनते ना?" ती पटांगणाकडे हात करून म्हणाली. "मंग हे काय लहान हाय?"

खरंच लहान नव्हतं. पटांगण एवढं होतं की त्यावर आमचं गावचं देऊळ प्रदक्षिणेसकट मावलं असतं. त्यावर सगळीकडे नवं धान पसरलेलं, चार बोटं जाडीचं, सोनेरी. रेजा त्यातून पाय घासत चालत जात, तेव्हा त्यांच्या पावलांमागे सरळ चर उमटायचे. धान उलटायचं तेच असं. म्हणजे इथे जो चालेल त्याची वाट आपोआप लिहिली जाणार. मला हे सुचलं नसतं. तिला सुचलं.

मी दोरी मागितली. पटांगणाच्या मधोमध खुंटी ठोकली, पंधरा हात दोरीने मोठं वर्तुळ धानात ओढलं आणि दोरी काढून घेतली. वर्तुळावर सारख्या अंतराने आठ विटा ठेवल्या. मुकादमिणीची जाऊ, तीही रेजाच, मोठ्या वर्तुळावरून विटेविटेनं चालणार. तिच्या हातात एक उभी काठी, काठीला दहा हात दोरी, दोरीचं दुसरं टोक मुकादमिणीच्या हातात. जाऊ एक वीट पुढे गेली की मुकादमिणीनं तिच्याभोवती पाव फेरा घालायचा. जाऊबाईंची एक मोठी फेरी होईपर्यंत हिचे दोन लहान फेरे. गुरुजींनी सांगितलं होतं की खरं गणित दोनाला थोडं कमी, पण पायांना कळायला दोन पुरे.

"म्हंजे मी हिच्याभोवती नाचू?" मुकादमीण म्हणाली.

"लग्न झालं तवापासून मीच नाचून राहिली तुह्याभोवती," जाऊ म्हणाली. "आज तू नाच."

बायका खोखो हसल्या. मला हसू येईना. माझं सगळं त्या दोरीला बांधलेलं होतं.

शेठजींना बोलावलं. त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली ती बरोबर मधोमध, खुंटीच्या जागी.

"मैं यहाँ क्यों?" शेठजींनी विचारलं.

"तुम्ही पृथ्वी आहात, शेठजी," मी म्हणालो.

हे त्यांना आवडलं. ते खुर्चीत सावरून बसले, हातातली काठी उभी धरली आणि म्हणाले, "चलो."

मी एकेका विटेची खूण म्हणून रिकामा डबा वाजवला. जाऊ पहिल्या विटेकडून दुसऱ्या विटेकडे निघाली. मुकादमीण दोरी ताणून तिच्याभोवती. धान खसखसत होतं. चर उमटत होते. शेठजी मान फिरवून फिरवून मुकादमिणीकडे बघत होते, आणि मी शेठजींकडे. आणि खरंच, थोड्या वेळाने ते ओरडले, "अरे! पीछे गया! पीछे गया मंगल!"

मी डबा वाजवायचाच विसरलो. साधलं! आईला लिहिलेलं पत्र खरं होणार!

मग शेठजींचा चेहरा बदलला. मुकादमीण पुन्हा मागे गेली. मग पुन्हा. एका मोठ्या फेरीत तीनदा.

"ठहरो," शेठजी म्हणाले. "यह तो दूर जाके पीछे हटता है. मेरे पास आता है तब तो सीधा भागता है."

"हो, म्हणजे..."

"इस दिवाली में मंगल कैसा था? इतना बड़ा, लाल, एकदम पास. और तब वक्री था. पंचांग में लिखा है. पास था, तब पीछे था. तुम्हारा मंगल दूर जाके पीछे हटता है." ते उठले. "गलत है. सब गलत है."

ते गेले. पृथ्वी उठून गेल्यावर उरलेल्या विश्वाचं काय करायचं, मला कळेना. मी विटांकडे बघत उभा राहिलो. मुकादमीण दोरीचं टोक हातात धरून तशीच.

"काऊन बाबू, मी चुकली का?"

"नाही, तुम्ही नाही. मी."

काय चुकलं ते मात्र मला माहीत नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात परतीची वाट पाठ करत होतो. कुठे गाडी बदलायची, कुठे रात्र काढायची, गावाच्या वेशीवर पहिलं कोण भेटेल आणि त्याला काय सांगायचं. गुरुजींना सांगितलं तर ते रागावतील, असंही वाटत होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चला, धान पाहू."

उन्हं कलली होती. धान अजून पसरलेलंच होतं. शेठजी रागाने निघून गेल्यावर कुणी ते मोडायला धजलं नव्हतं. गुरुजी पटांगणाच्या कडेने एक फेरी मारून आले, पोरांच्या पाट्या तपासत फिरावं तसे. मग कमरेवर हात ठेवून हसायला लागले.

"पाह्य, पाह्य इकडं. गाठी पाह्य."

मुकादमिणीच्या पावलांच्या वाटेला तीन गाठी पडल्या होत्या. वाट जिथे स्वतःवरून वळून गेली तिथे एकेक. तिन्ही बाहेरच्या बाजूला, फाटकाकडे, हौदाकडे, धुराड्याकडे तोंड करून.

"या गाठी आत पडाले पाहिजे होत्या, पृथ्वीकडं. अन् तीन नाही, एक." ते मुकादमिणीकडे वळले. "बाई, तुमी हिच्याभोवती कोण्या अंगानं फिरल्या?"

"उलट्या," मुकादमीण लगेच म्हणाली, जणू हे विचारायचं असतं का. "ती सुलटी जाऊन राहिली, तं मी उलटी."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? धान असंच तं उलटते, गुरुजी. एक बाई सुलट जाते, मांगची उलट येते. दोघी एकाच अंगानं गेल्या तं खालचं धान खालीच राहते. सोळा वर्सं झाले, माहे पाय असेच फिरते. या बाबूनं तं सांगतलंच नाही कोण्या अंगानं."

मी खरंच सांगितलं नव्हतं. परातीत वाटी आणि हरभरा एकाच अंगाने फिरत होते, डोळ्यांसमोर फिरत होते, आणि मला वाटलं होतं की हे सगळ्यांना दिसतंच. गुरुजींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"दोन्ही वर्तुळं एकाच अंगानं फिरली, तं आत जवळ आल्यावर मंगळ मागं दिसते. उलटसुलट फिरली, तं बाहेर दूर गेल्यावर मागं दिसते. तुह्या शेठजीनं बरोबर ओळखलं. मले तं वाटते, शेठजीले शाळेत घालाले पाहिजे होतं."

शेठजींनी शंका काढली याचाच गुरुजींना आनंद झाला होता. मला मात्र शेठजींना पुन्हा खुर्चीत कसं बसवायचं याची काळजी.

ते काम मुकादमिणीनं केलं. सकाळी ती गादीसमोर जाऊन उभी राहिली. "शेटजी, काल तुमी खरं बोलले. मंगळ मीच चुकवला. आता पायानं शिकून आली. एक बार अजून पृथ्वी व्हा जी."

शेठजी हसले की काय ते मला दिसलं नाही, पण ते आले. तोवर बायकांनी कालचे चर मोडून धान सारखं केलं होतं आणि मी वर्तुळ पुन्हा ओढलं होतं.

या वेळी मुकादमिणीला फार जड गेलं. पहिल्या विटेला ती चूक वळली. जाऊ ओरडली, "अवं, इकडून!" दुसऱ्या विटेला तिचे पाय पुन्हा सवयीने उलटे निघाले, मग ती थांबली, लुगड्याचा पदर खोचला आणि स्वतःच्या पायांकडे बघत, तोंडाने "इकडून, इकडून" म्हणत निघाली. चाळीस बायका कडेला उभ्या राहून प्रत्येक विटेला ओरडायच्या, "इकडून!" दूरवर मालधक्क्यावरचे हमाल काम सोडून बघायला लागले.

सहाव्या विटेपाशी ती दोरी ताणत शेठजींच्या अगदी जवळ आली. पाच हातांवर. शेठजी तिच्याकडे टक लावून बघत होते. तिचा पाय पुढे पडत होता, पुढे पडत होता, आणि तरी ती शेठजींच्या डोळ्यांसमोरून मागे मागे गेली. मग थबकली. मग पुन्हा पुढे.



"तू पीछे क्यों आई?" शेठजींनी हळूच विचारलं.

"मी?" मुकादमीण थांबून घाम पुसत म्हणाली. "मी तं एकदा बी मांगं पाय नाही टाकला, शेटजी. सरळ चालून राहिली. या पोट्ट्यायले इचारा." तिनं चाळीस बायकांकडे हात केला. "मांगं गेली का मी?"

"नाही!" सगळ्या ओरडल्या.

शेठजी खुर्चीतून उठले. तिच्या पावलांच्या चरापर्यंत आले आणि वाकून बघितलं. एकच गाठ, आतल्या अंगाला, त्यांच्या खुर्चीकडे तोंड करून.

"मतलब वह नाराज नहीं है?"

कडेला उभे असलेले गुरुजी पुढे झाले. "नाही, शेठजी. तो आपल्या वाटेनं चालून राहिला. मांगं जाणं हे आपल्याले दिसते, तो करत नाही."

शेठजींनी काठीच्या टोकाने ती गाठ पुन्हा गिरवली. मग म्हणाले, "अच्छा. लेकिन पंचांग में अभी सोलह दिन बाकी हैं, और यह लड़का कहता है मंगल मुड़ भी गया. पंडितजी झूठे?"

माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. गुरुजी आता पंचांगाला काहीतरी बोलणार आणि सगळं पाण्यात जाणार. पण गुरुजींना माणसं कळत होती.

"खोटं नाही," ते म्हणाले. "तुमच्या खिशातलं घड्याळ तुम्ही रोज स्टेशनवर लावून घेता ना? का? घड्याळ खोटं हाय म्हणून नाही, थोडं मागं पडते म्हणून. पंचांगही जुनं घड्याळ हाय. कधी कधी आकाशाशी लावून घ्यावं लागते."

शेठजींनी खिशावर हात ठेवला. "तो लगाते हैं," ते म्हणाले. "मैं खुद देखूँगा."

त्या संध्याकाळपासून आमच्या अंगणात दुसरी बाज आली. शेठजी पगडी काढून उताणे पडायचे, गुरुजी त्यांना मंगळ दाखवायचे. मंगळाच्या पूर्वेला, कृत्तिकेच्या बाजूला, एक फिकट तारा होता. गुरुजी म्हणाले, "हा तारा जागचा हलत नाही. मंगळ सरळ चालू लागला असेल तं याच्याजवळ येईल. उलटा असेल तं दूर जाईल." शेठजींनी धानाची एक काडी घेतली, हात पुढे ताठ केला, मंगळ आणि त्या ताऱ्यामधलं अंतर काडीवर धरलं आणि अंगठ्याच्या नखाने तेवढाच तुकडा खुडला. पेरभराही नव्हता. तो तुकडा त्यांनी तंबाखूच्या डबीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी काडी तेवढीच. तिसऱ्या दिवशी तेवढीच. शेजारच्या गिरण्यांची धुराडी भरभरून धूर ओकत होती, आणि चौथ्या संध्याकाळी तोच धूर वाऱ्याने आमच्या डोक्यावर आला, त्यात मंगळ दिसेनासा झाला. शेठजी बाजेवर उठून बसले. "दुनिया का धान उबल रहा है, और मैं यहाँ तारे गिन रहा हूँ."

गुरुजी म्हणाले, "वळणावर गाडी हळूच चालते, शेठजी. थोडे दिवस द्या."

मी शेठजींच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. देताना थोडं पाणी बाजेवर सांडलं. शेठजींनी तांब्या घेतला आणि माझ्याकडे बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच नीट.

"तुम इतना क्यों डरते हो?"

मी खरं सांगून टाकलं. बॉयलर नाही पेटला तर मला घरी जावं लागेल आणि आईने सगळ्या गावाला सांगितलं आहे. एवढंच. त्यांनी पाणी प्यायलं, तांब्या परत दिला आणि पुन्हा उताणे झाले.  पाचव्या संध्याकाळीही ते आले, सहाव्यालाही आले.

आठव्या संध्याकाळी हवा स्वच्छ होती. शेठजींनी डबीतून काडीचा तुकडा काढला, हात ताठ केला, एक डोळा मिटला. मग दुसरा डोळा मिटून बघितलं. मग उठून दिव्यापाशी गेले, काडी निरखली आणि परत आले.

"काड़ी बड़ी हो गई," ते म्हणाले.

"काडी नाही वाढली, शेठजी," गुरुजी म्हणाले.

शेठजींनी मला बोलावलं. "तुम देखो. तुम झूठ नहीं लिखते."

मी काडी हातात धरली. हात ताठ करायचा म्हणून दुसऱ्या हाताने मनगट पकडलं. एक टोक मंगळावर ठेवलं. दुसरं टोक त्या फिकट ताऱ्याच्या पलीकडे गेलं, चांगलं अर्धं पलीकडे. मंगळ ताऱ्याजवळ आला होता. चालत आला होता.

"पुढे येतोय," मी म्हणालो. 

शेठजींनी पगडी डोक्यावर चढवली आणि फाटकाकडे चालायला लागले. मी आणि गुरुजी एकमेकांकडे बघत राहिलो. फाटकापाशी जाऊन ते वळले. "सुबह. सूरज निकलते ही. रेजा लोगों को बोलो."

मुकादमिणीला सांगायला मी धावतच सुटलो. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. ऐकून तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मालूम होतं मले. मी चांगली चालली होती."

सकाळी धुकं होतं. शेठजींनी बॉयलरसमोर नारळ फोडला, मुकादमिणीनं हळदकुंकू वाहिलं, फायरमनने भट्टीत कोंडा टाकला आणि आग धरली. मी माझ्या स्टुलावर बसलो. मांडीवर नवी वही, हातात टाक, समोर काटा. काटा बराच वेळ हललाच नाही.  मग तो थरथरला आणि वर चढायला लागला, आणि मी पहिली ओळ लिहिली. बाहेर पटांगणावर चाळीस बायकांचा गलका. फाटकाशी दोन बंड्या थांबल्या होत्या. गाडीवान आमच्या धुराड्यातून निघणारा पहिला धूर बघत होते.

वाफ पुरेशी झाली तेव्हा शेठजी आत आले. काटा बघितला, वही बघितली, घड्याळ बघितलं.

"भोंगा कौन देगा?" त्यांनी विचारलं.

फायरमन पुढे आला. शेठजींनी त्याला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

भोंग्याची साखळी उंच होती. मी स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी ती धरली आणि इतक्या जोराने ओढली की फायरमनने कान झाकले. भोंगा वाजला. वाजतच राहिला. बाहेर मुकादमीण ओरडली, "पुरे कर, कोकन्या! बैल पळून राहिले!"

ऐकू आलं. तरी मी आणखी थोडा वेळ ओढून धरला.